अ‍ॅम्प्लिफायरला फ्यूज किती अ‍ॅम्पिअरचा? मेन्सपासून ट्वीटरपर्यंत

अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला आला की झाकण उघडायच्या आधी मागचा फ्यूज काढून बघावा. कधी त्यात मूळचा २ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज असतो, कधी त्या जागी १० अ‍ॅम्पिअरचा घातलेला असतो, आणि कधी उडालेल्या फ्यूजवर चांदीचा कागद गुंडाळलेला सापडतो. ज्याच्या फ्यूजवर चांदी आहे त्याचा ट्रान्सफॉर्मर हाताला लागण्याआधी नाकाला समजतो.

'फ्यूज किती अ‍ॅम्पिअरचा टाकू?' हा प्रश्न सगळे विचारतात, पण त्याच्या आधीचा प्रश्न राहून जातो: हा फ्यूज नेमका कोणाला वाचवणार आहे? मेन्सचा फ्यूज वायर आणि ट्रान्सफॉर्मरला आगीपासून वाचवतो. रेलचा, म्हणजे बोर्डाला जाणाऱ्या अधिक-उणे डीसी पुरवठ्याचा, फ्यूज एका जागी झालेला बिघाड पुढे पसरू देत नाही. स्पीकरचा फ्यूज व्हॉइस कॉइलला, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, वाचवतो, तेही नीट हिशोब केला तरच. आणि आउटपुट ट्रान्झिस्टरला यातला एकही फ्यूज वाचवत नाही, कारण फ्यूजची तार वितळायच्या आत ट्रान्झिस्टर गेलेला असतो. ही विभागणी डोक्यात पक्की बसली की आकडे आपोआप सुचायला लागतात.

हवेत बोलण्यापेक्षा एक अ‍ॅम्प्लिफायर समोर धरू. दोन चॅनेल, प्रत्येकी ८ ओहमवर १०० वॅट. ३२-०-३२ व्होल्टचा, ३०० व्हीएचा (व्होल्ट गुणिले करंट) टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा, ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, दोन्ही बाजूंना १०,००० मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर आणि अधिक-उणे ४५ व्होल्टच्या रेल. आउटपुटला २एससी५२०० आणि २एसए१९४३ ची जोडी. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन सुटे भाग आणून जोडतात तो साधारण याच जातीचा असतो. तुमचा वेगळा असेल तर फक्त आकडे बदला, रीत तीच.

फ्यूजवरचा आकडा काय सांगतो

'३ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज ३ अ‍ॅम्पिअरला उडतो' हा समज आधी काढून टाका. आपल्याकडे मिळणारे ५ × २० मिलिमीटरचे काचेचे फ्यूज आयईसी ६०१२७ या मानकानुसार बनतात. त्या मानकाप्रमाणे फ्यूजने त्याच्या आकड्याच्या दीडपट करंट किमान एक तास सोसला पाहिजे. म्हणजे २ अ‍ॅम्पिअरच्या फ्यूजमधून ३ अ‍ॅम्पिअर तासभर गेले तरी तो शाबूत राहील, आणि तसा राहिला तर तो फ्यूज चांगला आहे.

करंट वाढत गेला की वेळ झपाट्याने कमी होते. जलद फ्यूज, म्हणजे 'एफ' अक्षराचा, २.१ पट करंटला अर्ध्या तासाच्या आत उडतो, २.७५ पटीला जास्तीत जास्त २ सेकंदांत आणि १० पटीला २० मिलिसेकंदांच्या आत. सावकाश फ्यूज, म्हणजे 'टी' अक्षराचा, १० पट करंटलाही २० ते ३०० मिलिसेकंद थांबतो. हे 'थांबणं' दोष नाही, मुद्दाम ठेवलेला गुण आहे. तो कुठे लागतो ते पुढे येईलच.

टोपीवरची अक्षरं वाचायची सवय लावा. 'टी २ ए एल २५० व्ही' असं कोरलेलं असेल तर तो सावकाश जातीचा, २ अ‍ॅम्पिअरचा, कमी तोडक्षमतेचा, २५० व्होल्टचा फ्यूज. इथलं 'एल' महत्त्वाचं आहे. काचेचा फ्यूज ३५ अ‍ॅम्पिअर किंवा स्वतःच्या आकड्याच्या १० पट, यातला जो जास्त असेल तेवढाच करंट सुरक्षितपणे तोडायची हमी देतो. त्यापेक्षा मोठा शॉर्ट झाला तर आत ठिणगी चालू राहू शकते किंवा काच फुटते. 'एच' लिहिलेला, वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज १५०० अ‍ॅम्पिअरपर्यंत तोडतो. दोघांच्या किमतीतला फरक मामुली आहे. मेन्सला आणि मोठ्या रेलला मी सिरॅमिकच घालतो.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला अ‍ॅम्प्लिफायर असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिकडचे ६.३ × ३२ मिलिमीटरचे लांब फ्यूज वेगळ्या मानकाचे असतात. ते १३५ टक्के करंटला तासाभरात आणि दुप्पट करंटला २ मिनिटांत उडतात, म्हणजे आपल्या फ्यूजपेक्षा लवकर. आणि मागचा स्विच १२० वरून २३० व्होल्टवर नेला की मेन्सचा फ्यूजही साधारण निम्म्या आकड्याचा करावा लागतो, कारण तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो. स्विच फिरवतात, फ्यूज तसाच ठेवतात, आणि मग तो संरक्षणाच्या कामाचा उरत नाही.

मेन्सचा फ्यूज

हिशोब सोपा आहे. ३०० व्हीए भागिले २३० व्होल्ट, म्हणजे १.३ अ‍ॅम्पिअर. त्याच्या वरचा बाजारात मिळणारा सोयीचा आकडा २ अ‍ॅम्पिअर. जात सावकाश, 'टी'.

सावकाश का, तर टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर चालू करताना पहिल्या अर्ध्या सायकलमध्ये त्याचा गाभा संपृक्त होऊ शकतो आणि त्या क्षणी दहापेक्षा कितीतरी जास्त अ‍ॅम्पिअरचा झटका ओढला जातो. त्यातच रिकामे कॅपॅसिटर भरायला लागतात. जलद फ्यूज ते सहन करत नाही. मग तो दर दोन-चार दिवसांनी उडतो आणि वैतागून कोणीतरी १० अ‍ॅम्पिअरचा बसवतं. १० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज असताना ट्रान्सफॉर्मरवर तिप्पट भार पडला तरी मेन्समधून ४ अ‍ॅम्पिअरच जातात. फ्यूज ढिम्म हलत नाही, पण तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ९ पट झालेली असते.

झटक्याचा खरा इलाज सॉफ्ट स्टार्ट आहे, फ्यूजचा आकडा वाढवणं नव्हे. १०० ओहम १० वॅटचे तीन रेझिस्टर समांतर जोडून प्रायमरीच्या मालिकेत घालायचे आणि साधारण अर्ध्या सेकंदाने रिलेने ते शॉर्ट करायचे. त्याने झटका १० अ‍ॅम्पिअरच्या आसपास आटोक्यात राहतो आणि टी २ अ‍ॅम्पिअर वर्षानुवर्षं टिकतो. सॉफ्ट स्टार्ट नसेल तर टी ३.१५ पर्यंत जावं, पण त्यापुढे नाही. ३०० व्हीएच्या वरच्या टोरॉइडला तर सॉफ्ट स्टार्टशिवाय चालवूच नये असं माझं मत आहे.

घरातला १६ अ‍ॅम्पिअरचा एमसीबी आहे, मग हा छोटा फ्यूज कशाला, असंही विचारलं जातं. एमसीबी भिंतीतल्या वायरिंगसाठी आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या ०.७५ चौरस मिलिमीटरच्या कॉर्डला किंवा ट्रान्सफॉर्मरच्या केसासारख्या वाइंडिंगला तो ओळखतही नाही.

जोडणीत फ्यूज फेजमध्येच हवा, स्विचच्या आधी. अर्थमध्ये फ्यूज कधीही नाही. पॅनलवरच्या गोल होल्डरला दोन टोकं असतात, एक अगदी तळाशी आणि एक बाजूला. येणारी फेज तळाच्या टोकाला जोडा आणि बाजूच्या टोकावरून पुढे न्या. उलटं जोडलं तर टोपी फिरवून फ्यूज बाहेर काढताना त्याच्या बाहेरच्या टोकावर फेज असते आणि बोट नेमकं तिथेच लागतं. दोन्ही टोकांवर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. टेपवर विसंबू नका. कपाटासारख्या गरम जागी टेपचा गोंद सुटतो.

दोन पिनांचा प्लग उलटसुलट बसू शकतो आणि मग फ्यूज न्यूट्रलमध्ये जातो. तो उडाला तरी आत फेज जिवंत राहते. म्हणून तीन पिनांचा प्लगच लावा आणि चेसिसला अर्थ द्या.

रेलचे फ्यूज

आता मधला आणि सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. जागा आधी पक्की करा: फिल्टर कॅपॅसिटरच्या पुढे, अ‍ॅम्प्लिफायर बोर्डच्या आधी. प्रत्येक चॅनेलला अधिक रेलमध्ये एक आणि उणे रेलमध्ये एक, म्हणजे आपल्या उदाहरणात चार. रेक्टिफायर आणि कॅपॅसिटरच्या मध्ये घातला तर तिथे चार्जिंगचे टोकदार धक्के बसतात आणि फ्यूज नाहक गरम होतो. शिवाय कॅपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेवर त्याचा काहीच ताबा राहत नाही. १०,००० मायक्रोफॅरड ४५ व्होल्टला भरला की त्यात १० जूल असतात. दोन्ही बाजूंचे ट्रान्झिस्टर एकदम शॉर्ट झाले तर ती सगळी ऊर्जा बोर्डावरच्या ट्रॅकमधून जाते आणि ट्रॅक उखडून निघतो. फ्यूज कॅपॅसिटरच्या पुढे असेल तर ट्रॅक वाचतो, ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही बहुधा वाचतात, आणि दुरुस्ती तासाभरात होते.

आकडा असा काढा. ८ ओहमवर १०० वॅट म्हणजे शिखर व्होल्टेज ४० आणि शिखर करंट ५ अ‍ॅम्पिअर. प्रत्येक रेल अर्धीच लाट पुरवते. अर्ध्या साइन लाटेचा आरएमएस (तार तापवण्याच्या हिशोबाने धरायचा आकडा) शिखराच्या निम्मा, म्हणजे २.५ अ‍ॅम्पिअर. ८ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर काही फ्रिक्वेन्सींना साडेसहा ओहमपर्यंत खाली येतो, तेव्हा हाच आकडा ३ च्या थोडा वर जातो. म्हणून एफ ३.१५ अ‍ॅम्पिअर. गाण्यात सतत पूर्ण पॉवर कधीच नसते, त्यामुळे हा फ्यूज आरामात राहतो. ४ ओहमचे स्पीकर लावायचे असतील तर शिखर करंट दुपटीच्या जवळ जातो आणि एफ ५ अ‍ॅम्पिअर लागतो. मात्र त्याआधी ट्रान्झिस्टरची एकच जोडी तो भार पेलणार का हे तपासा.

इथे जात जलद हवी. चालू करतानाचा झटका कॅपॅसिटरच्या अलीकडे संपलेला असतो, या फ्यूजला तो दिसत नाही.

रेलवर डीसी असते ही गोष्ट वेगळी नोंदवायला हवी. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपसूक विझते. डीसीत ती विझत नाही. २५० व्होल्ट एसीचा काचेचा फ्यूज ४५ व्होल्ट डीसीला सहसा अडचण करत नाही, पण ७०-८० व्होल्टच्या रेल असतील तर वाळू भरलेला सिरॅमिक आणि डीसी रेटिंग लिहिलेलाच घ्या. गाडीतला रंगीत पात्यांचा फ्यूज ३२ व्होल्टचा असतो. तो इथे नको आणि मेन्सला तर अजिबात नको.

फक्त फ्यूजवर स्पीकर का वाचत नाही

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त स्पीकर इथेच जळतात.

समजा वरच्या बाजूचा एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला. आउटपुटला थेट अधिक ४५ व्होल्ट डीसी आली. ८ ओहमच्या वूफरचा डीसी रोध ६ ओहमच्या थोडा वर असतो, ६.२ धरू. करंट ७.३ अ‍ॅम्पिअर, आणि कॉइलमध्ये तयार होणारी उष्णता सव्वातीनशे वॅट. कोन पुढे जाऊन तिथेच अडकतो. तो हलत नसल्याने कॉइलला हवाही मिळत नाही.

मेन्सचा फ्यूज काय म्हणतो? सव्वातीनशे वॅट आणि ट्रान्सफॉर्मरची घट धरली तरी मेन्समधून दीड ते दोन अ‍ॅम्पिअर जातात. टी २ साठी हे नेहमीचं काम आहे, तो उडणारच नाही. रेलचा एफ ३.१५? ७.३ म्हणजे त्याच्या २.३ पट. २.१ पटीला अर्ध्या तासापर्यंत आणि २.७५ पटीला २ सेकंदांपर्यंत, या दोन आकड्यांच्या मधला हा प्रदेश. काही सेकंद लागतील, कधी त्याहून बरेच जास्त. तेवढ्यात कॉइलवरचं वार्निश उकळून गेलेलं असतं.

आणखी एक धोका आहे. समजा एका रेलचाच फ्यूज उडाला आणि दुसऱ्या रेलचा टिकला. बऱ्याच सर्किटमध्ये आउटपुट मग उरलेल्या रेलकडे ओढलं जातं. म्हणजे बाकी सगळं ठीक असतानाही, निव्वळ एक फ्यूज गेल्यामुळे स्पीकरवर डीसी येऊ शकते.

म्हणून फ्यूजच्या जोडीला डीसी ओळखणारा रिले लागतो. यूपीसी१२३७ हा आयसी या कामासाठी जुना आणि भरवशाचा आहे. त्यावर बनवलेले तयार बोर्डही मिळतात. आउटपुटला डीसी दिसली की तो रिले सोडतो, आणि चालू करताना काही सेकंद उशिरा जोडत असल्यामुळे 'धप्प' आवाजही येत नाही.

पण रिलेची जोडणी बहुतेक बोर्डांवर अपुरी असते. साध्या रिलेवर '१० अ‍ॅम्पिअर, २५० व्होल्ट एसी, ३० व्होल्ट डीसी' असं लिहिलेलं असतं. आपली डीसी ४५ व्होल्ट आहे. रिले सुटला तरी संपर्कांच्या मध्ये ठिणगी जळत राहू शकते आणि त्या ठिणगीतून स्पीकरला करंट जातच राहतो. उपाय असा: स्पीकर रिलेच्या मधल्या, हलणाऱ्या टोकाला जोडा. अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट 'नॉर्मली ओपन' टोकाला. आणि 'नॉर्मली क्लोज्ड' टोक, जे बहुतेक जण मोकळं सोडतात, ते ग्राउंडला. आता रिले सुटला की हलणारी पट्टी ग्राउंडला टेकते, स्पीकर दोन्ही बाजूंनी ग्राउंडला येतो आणि ठिणगी पेटलीच तर ती स्पीकरला वळसा घालून ग्राउंडमध्ये जाते. त्या क्षणी रेलमधून प्रचंड करंट वाहतो आणि रेलचा फ्यूज तत्काळ उडतो. फ्यूज आणि रिले एकमेकांचं काम पुरं करतात. दोघांपैकी एकाला वगळून ही रचना जमत नाही.

स्पीकरला फ्यूज घालायचाच असेल तर

जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, आत रिले बसवायला जागा नाही, किंवा दुसऱ्याचा अ‍ॅम्प्लिफायर आपल्या महागड्या स्पीकरला लागणार आहे. अशा वेळी स्पीकरच्या अधिक वायरमध्ये फ्यूज उपयोगी पडतो.

१०० वॅट, ८ ओहमला पूर्ण करंट साडेतीन अ‍ॅम्पिअर येतो. इथे ३.१५ किंवा ४ चा फ्यूज घालण्याचा मोह होतो, पण वर पाहिलं तसं डीसीच्या वेळी तो फार वेळ लावतो. एफ २ अ‍ॅम्पिअर घाला. तो ३ अ‍ॅम्पिअर, म्हणजे ७२ वॅट सलग तासभर सोसतो आणि घरी ऐकताना तेवढी सरासरी पॉवर कोणी वापरत नाही. डीसी आली तर ७.३ अ‍ॅम्पिअर म्हणजे त्याच्या साडेतीनपटीच्या वर, आणि तिथे तो सेकंदाच्या आसपास किंवा त्याआधीच उडतो. कमी आकड्याचा फ्यूज इथे खरोखर कामाला येतो. मोठ्या आवाजात तो एकदोनदा विनाकारण उडाला तर २.५ वर जा, त्यापुढे जाऊ नका.

आवाजावर परिणाम होतो का? थोडा होतो. फ्यूजचा रोध ओहमच्या काही शतांशाइतका असतो, पण तार गरम-थंड होताना तो बदलतो आणि खालच्या फ्रिक्वेन्सींना, फ्यूज त्याच्या मर्यादेजवळ असताना, किंचित विकृती येते. काटेकोर ऐकणाऱ्यांनी म्हणूनच रिलेचा मार्ग घ्यावा. महागड्या 'ऑडिओ' फ्यूजवर, त्यांच्या बाणांवर आणि सोन्याच्या मुलाम्यावर पैसे घालवू नका. तेवढ्यात दोन चांगले रिले बोर्ड येतात आणि त्यांनी स्पीकर वाचतो.

ट्वीटरची गोष्ट वेगळी

ट्वीटरवर '१०० वॅट' छापलेलं असलं तरी ते क्रॉसओव्हरसह (वूफर आणि ट्वीटर यांच्यात फ्रिक्वेन्सी वाटून देणारं सर्किट), गाण्याच्या हिशोबाने असतं. घुमटाकार छोट्या ट्वीटरची कॉइल सतत ५ ते १५ वॅटच सोसते. अ‍ॅम्प्लिफायर क्लिप व्हायला लागला की लाटेची टोकं कापली जातात, वरच्या फ्रिक्वेन्सींचा वाटा वाढतो आणि सरासरी पॉवरही चढते. साइनला १०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण चौकोनी लाटेला २०० च्या जवळ जातो. कमी वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर ताणून वाजवल्यावर ट्वीटर जातात ते यामुळे. मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत हे सर्रास घडतं.

८ ओहमच्या ट्वीटरला ८ वॅट म्हणजे १ अ‍ॅम्पिअर. दीडपटीची गोष्ट आठवा: १ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज दीड अ‍ॅम्पिअर, म्हणजे १८ वॅट तासभर जाऊ देईल. म्हणून एफ ६३० किंवा ८०० मिलिअ‍ॅम्पिअर.

फ्यूजची जागा इथे फार महत्त्वाची आहे. क्रॉसओव्हरमध्ये मालिकेत एकच कॅपॅसिटर असेल तर फ्यूज कुठेही चालतो. पण कॅपॅसिटर मालिकेत आणि ट्वीटरला समांतर कॉइल असेल, म्हणजे १२ डीबीचा क्रॉसओव्हर, तर फ्यूज कॅपॅसिटरच्या आधीच घाला. ट्वीटरच्या अगदी शेजारी घातला आणि तो उडाला तर मागे कॅपॅसिटर आणि कॉइल यांची मोकळी मालिका उरते. क्रॉसओव्हरच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सीला ती अनुनादात येते आणि अ‍ॅम्प्लिफायरला जवळजवळ शॉर्टसारखी भासते. ट्वीटर वाचतो आणि अ‍ॅम्प्लिफायर जातो. फ्यूज कॅपॅसिटरच्या आधी असेल तर ती अख्खी शाखाच सुटते.

पीएच्या, म्हणजे सार्वजनिक कार्यक्रमांच्या, बॉक्समध्ये क्रॉसओव्हर बोर्डावर छोटा दिवा दिसतो, तोही संरक्षणासाठीच असतो. थंड असताना त्याचा रोध नगण्य, करंट वाढला की फिलामेंट तापून रोध कैकपट वाढतो आणि ट्वीटरची पॉवर आपोआप दबते. करंट उतरला की पूर्ववत. कार्यक्रमाच्या मध्ये स्टेजवर चढून फ्यूज बदलावा लागत नाही, म्हणून मैदानी कामाला मला हाच जास्त आवडतो. आपोआप पूर्ववत होणारे पॉलिस्विचही चालतात, पण त्यांच्या 'होल्ड' (न तुटता सोसायच्या) आणि 'ट्रिप' (हमखास तुटायच्या) करंटमध्ये साधारण दुपटीचा फरक असतो. निवड होल्डच्या आकड्याने करा आणि व्होल्टेज रेटिंग रेलपेक्षा जास्त आहे ना ते बघा.

पहिल्यांदा वीज देताना

नवा जोडलेला किंवा दुरुस्त केलेला अ‍ॅम्प्लिफायर थेट फ्यूजच्या भरवशावर चालू करू नका. सिरीज बोर्ड, म्हणजे मेन्सच्या मालिकेत बल्ब जोडायचा बोर्ड, काढा आणि त्यात ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही. १०० वॅटचा बल्ब जास्तीत जास्त ०.४३ अ‍ॅम्पिअर जाऊ देतो, त्यामुळे आत काहीही चुकलेलं असलं तरी धूर निघण्याआधी बल्ब पेटून सांगतो.

रेलचे चारही फ्यूज काढून ठेवा. बल्बमार्फत वीज द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. मल्टिमीटरने दोन्ही रेल मोजा, बल्बमुळे त्या थोड्या कमी दिसतील. वीज बंद करा आणि ४७० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर प्रत्येक कॅपॅसिटरवर अर्धा मिनिट धरून ठेवा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची पद्धत कॅपॅसिटरच्याही तब्येतीला वाईट आणि डोळ्यांनाही.

आता एका चॅनेलच्या दोन फ्यूजच्या जागी १० ओहम ५ वॅटचे रेझिस्टर लावा. स्पीकर जोडलेला नको, इनपुट शॉर्ट केलेलं हवं. परत बल्बमार्फत वीज. रेझिस्टरवर अर्धा व्होल्ट दिसला तर बोर्ड ५० मिलिअ‍ॅम्पिअर घेतो आहे, म्हणजे ठीक. दोन-चार व्होल्ट दिसले आणि वाढत चालले तर लगेच बंद करा, बायस (सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून ठेवलेला थोडा करंट) चुकलेला आहे किंवा ट्रान्झिस्टर उलटा बसला आहे. आउटपुट आणि ग्राउंड यांच्यातली डीसी मोजा, ती ५० मिलिव्होल्टच्या आत असावी. दुसऱ्या चॅनेलचं हेच करा. सगळं जुळलं की वीज बंद करा, कॅपॅसिटर रिकामे करा, रेझिस्टरच्या जागी फ्यूज घाला आणि बल्ब काढून थेट मेन्सवर या. महागडे स्पीकर पहिल्या दिवशी नकोत. एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर या कामासाठी बाजूला ठेवा.

उडालेला फ्यूज वाचायला शिका

काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर जोराचा शॉर्ट होता. ब्रिज, ट्रान्झिस्टर, कॅपॅसिटर तपासल्याशिवाय नवा फ्यूज घालू नका. काच स्वच्छ आणि तार मध्येच नाजूकपणे तुटलेली असेल तर थोडा जास्त करंट बराच वेळ गेला, किंवा रोजच्या चालू-बंदच्या झटक्यांनी तार थकली. अशा वेळी त्याच आकड्याचा, त्याच जातीचा एक फ्यूज घालून बघणं रास्त आहे. तोही लगेच गेला तर तिसरा घालू नका, सिरीज बोर्ड काढा.

डोळ्याला शाबूत दिसणारा फ्यूजही आतून तुटलेला असू शकतो, टोपीच्या सोल्डरपाशी. होल्डरमधून बाहेर काढून मल्टिमीटरने तपासा. जागेवर ठेवून तपासलं तर ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून खोटा 'बीप' येतो. फ्यूज चांगला आणि होल्डरची पट्टी सैल, काळवंडलेली, असंही पुष्कळदा असतं. सैल पट्टी तापते, ती उष्णता फ्यूजला पोचते आणि तो विनाकारण उडतो. होल्डर बदलायला आळस करू नका.

एसएमपीएसवाल्या, म्हणजे मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग सप्लाय असलेल्या, क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरचा मेन्स फ्यूज काळा झालेला असेल तर आतला मॉसफेट किंवा ब्रिज शॉर्ट आहे असंच धरून चाला. त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहते. सवय नसेल तर तिथे हात घालू नका.

बाजारात सुटे मिळणारे बिनछापाचे फ्यूज आकड्यावर विश्वास ठेवण्याजोगे नसतात. कोणाकडे बेंच सप्लाय असेल तर पाकिटातला एखादा तपासून बघावा: १ अ‍ॅम्पिअरच्या जलद फ्यूजमधून ३ अ‍ॅम्पिअर सोडले तर तो २ सेकंदांत उडायलाच हवा. डोळ्यांवर चष्मा ठेवा. चार-पाच सेकंद तो नुसता लाल होत राहिला तर ते पाकीट परत करा.

मंडप, जनरेटर आणि गाडी

मंडपात तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सैल झाला तर एखाद्या फेजवर २३० ऐवजी ४०० च्या दिशेने व्होल्टेज चढतं. एकटा फ्यूज इथे उशिरा जागा होतो. फ्यूजच्या पुढे, फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये, २७५ व्होल्ट एसीचा एमओव्ही (मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर) घाला. व्होल्टेज चढलं की तो करंट ओढतो आणि फ्यूज उडवतो. एमओव्ही स्वतः खराब होतो, तो स्वस्त आहे. तो फ्यूजच्या आधी मात्र कधीही घालू नका, नाहीतर शॉर्ट झाल्यावर त्याला थांबवणारं काही उरत नाही. डिस्ट्रिब्यूशन बोर्डवर न्यूट्रलचे स्क्रू कार्यक्रमाच्या आधी स्वतः आवळून बघा, अर्थातच सप्लाय बंद असताना.

गाडीत फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून केबलसाठी असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी जाड केबल पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अ‍ॅम्पिअर देते आणि गाडी पेटते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या टोकाशी, ४५ सेंटिमीटरच्या आत. अ‍ॅम्प्लिफायरवर असलेले फ्यूज वेगळे, ते या फ्यूजची जागा घेत नाहीत. ६०० वॅट खऱ्या आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर ७५ टक्के कार्यक्षमतेने १३.८ व्होल्टवर ५८ अ‍ॅम्पिअर घेतो, त्याला ६० चा एएनएल फ्यूज बसतो. केबल तेवढा करंट पेलणारी हवी. ती बारीक असेल तर फ्यूज केबलच्या क्षमतेप्रमाणे लहान घ्या आणि आवाज कमी ठेवा.

शेवटची एक सोय. आकडे ठरले की अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे, प्रत्येक होल्डरच्या शेजारी, न पुसणाऱ्या पेनने लिहून ठेवा: मेन्स टी २, रेल एफ ३.१५, स्पीकर एफ २. आणि प्रत्येकी दोन फ्यूज छोट्या पिशवीत घालून झाकणाच्या आतल्या बाजूला, ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकपासून दूर चिकटवून ठेवा. रात्री नऊ वाजता दुकानं बंद असताना योग्य फ्यूज हाताशी असला की चांदीच्या कागदाची आठवण कोणाला येत नाही.